इंजिन नव्यानं बांधलं, तरी मागचं ऑइल सील पुन्हा पुन्हा गळतंय (व्होल्वो २४० इस्टेट)

लक्षणं अशी. बी२३० इंजिन पूर्ण उतरवून बांधलंय. पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, सगळी सीलं आणि पॅकिंगं नवी. सुरुवातीचे काही आठवडे गाडीखालचा पुठ्ठा कोरडा राहतो. मग इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाखाली एखादा थेंब दिसायला लागतो आणि बघता बघता तळहाताएवढा डाग रोजचाच होतो. गिअरबॉक्स उतरवून क्रँकचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) मागचं सील बदललं जातं, थोडे दिवस बरे जातात, डाग परत हजर. पहिल्या खेपेला सांगितलं जातं की सील डुप्लिकेट होतं, दुसऱ्या खेपेला सांगितलं जातं की क्रँकच घासलाय.

दोन्ही खरं असू शकतं. पण बांधलेल्या इंजिनाचं सील दुसऱ्यांदा गळलं, की मी आधी इंजिनाच्या पोटातला दाब मोजतो. पोटात दाब साठत असेल तर कितीही चांगलं सील लावा, तेल त्याच्या ओठाखालून ढकललं जाणारच. आणि हा दाब मोजायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही, अर्ध्या तासाचं काम आहे.

२४० मालिका १९७४ ते १९९३ अशी बनत राहिली. इस्टेटला सुरुवातीची काही वर्षं २४५ म्हणत. इंजिनं बी२१, बी२३ आणि १९८५ च्या मॉडेलपासून बी२३०. तिन्हींची ठेवण सारखीच: लाल रंगवलेला बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड, बेल्टवर फिरणारी एकच कॅमशाफ्ट. पोटातली वाफ बाहेर काढायची सोयही थोड्याफार फरकानं तीच. म्हणून पुढचं सगळं तिन्हींना लागू आहे.

तेल नक्की येतंय कुठून?

हे टाळून पुढे जाऊ नका. या इंजिनात मागच्या बाजूला वरून गळलेलं तेल भिंतीवरून ओघळत खाली येतं आणि नेमकं बेलहाउसिंगच्या (इंजिनाला जोडलेल्या गिअरबॉक्सच्या पुढच्या घराच्या) तळाशी थेंब धरतं. खालून बघणाऱ्याला ते क्रँकच्या सीलचंच वाटतं.

पहिला संशय हेडच्या मागच्या टोकाला, टॅपेट कव्हरखाली (हेडवरच्या झाकणाखाली) बसणाऱ्या अर्धचंद्राकृती रबरी बुचावर घ्या. कव्हरचं पॅकिंग नवं टाकतात आणि हे बूच मात्र जुनंच परत बसवतात. ते उन्हात राहिलेल्या चपलेच्या टाचेसारखं कडक झालेलं असतं, नखानं दाबून दबत नसेल तर फेकून द्या. नवं बसवताना दोन्ही कोपऱ्यांत, जिथे बूच, हेड आणि कव्हर एकत्र येतात तिथे, सीलंटचा बारीक ठिपका ठेवायचा. पूर्ण कडेला माखायची गरज नाही.

मग ऑइल प्रेशरचा स्विच, डिस्ट्रिब्युटरच्या बुडाची ओ-रिंग, ब्रीदरचा (पोटातली वाफ बाहेर काढणारा) डबा ब्लॉकला जिथे टेकतो ती जागा आणि ऑइल चेंबरच्या (खालच्या तेलाच्या भांड्याच्या) पॅकिंगचे मागचे दोन कोपरे. थेंबाचा रंगही बघा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल लालसर आणि पातळ असतं. तसा थेंब असेल तर दोष गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचा, आणि हा लेख तुमच्या कामाचा नाही.

खात्रीची पद्धत एकच. इंजिनाची मागची बाजू डीग्रीझरनं धुवून पूर्ण वाळवा. ऑइलमध्ये अतिनील दिव्याखाली चमकणारा डाय टाका, गाडी वीस-पंचवीस किलोमीटर फिरवा आणि अंधारात दिवा धरून वरून खाली बघत या. ओघळ जिथे सुरू होतो ती जागा खरी. डाय नसेल तर धुतलेल्या जागेवर टाल्कम पावडर भुरभुरा, ओल्या रेघा त्यावर स्पष्ट उठतात.

वरचं सगळं कोरडं आहे आणि बेलहाउसिंगच्या आतूनच थेंब येतोय, असं दिसलं तर आता दाबाकडे वळायचं.

दाब साठतो कसा?

रिंगा कितीही चांगल्या बसलेल्या असोत, ज्वलनाचा थोडा वायू त्यांच्या कडेनं खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, येतोच. त्यात न जळलेलं पेट्रोल, पाण्याची वाफ आणि काजळी असते. हा वायू बाहेर काढायला ब्लॉकच्या कुशीत, इनटेक मॅनिफोल्डखाली एक काळा डबा बसवलेला असतो. डब्यात आडवे पडदे असतात. वायू त्यांवर आपटत वर जातो, त्यातलं तेल थेंब होऊन खाली गळतं आणि एका नळीतून ऑइल चेंबरमध्ये परत जातं. डब्याच्या तोंडावर फ्लेम ट्रॅप असतो. तिथून दोन वाटा फुटतात. बारीक नळी थेट इनटेक मॅनिफोल्डला जाते, जाड नळी थ्रॉटलच्या आधीच्या हवेच्या पाइपला. आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) मॅनिफोल्डमध्ये ओढ जोरदार असते, तेव्हा बारीक नळी काम करते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डमधली ओढ जवळजवळ संपते आणि वायूही जास्त येतो, तेव्हा जाड नळी. हा फरक लक्षात ठेवा, पुढे दोष शोधताना लागेल.

फ्लेम ट्रॅप म्हणजे प्लॅस्टिकच्या घरात बसवलेली, बारीक भोकांची एक छोटी चकती. बॅकफायर झालं तर ज्वाळा क्रँककेसपर्यंत पोचू नये म्हणून ती ठेवलेली. तिची भोकं तपकिरी, चिकट राळेनं बुजतात. मॅनिफोल्डखाली हात धड पोचत नाही म्हणून सर्व्हिसिंगमध्ये ती राहूनच जाते. मी काढलेल्या काही चकत्यांची भोकं उजेडात धरूनही दिसत नव्हती, नुसती सपाट तपकिरी टिकली.

आता कोणी म्हणेल, इंजिन तर सगळं धुऊन बांधलंय. धुतलंय खरं, पण तो डबा उघडत नाही. बहुतेक ठिकाणी तो सॉल्व्हंटमध्ये बुडवतात, थोडं काळं पाणी निघतं, हवा मारतात आणि परत लावतात. आतल्या पडद्यांवर जमलेला कडक थर तसाच राहतो. पुढे नवं तेल तो थर हळूहळू सोडवतं आणि तो तुकड्यातुकड्यांनी नेमका तोंडाशी किंवा परतीच्या नळीत जाऊन अडकतो. इंजिन बाहेर असताना डबा समोर उघडा असतो. इंजिन गाडीत बसलं की तेच काम मॅनिफोल्डखाली चाचपडत करावं लागतं. त्यामुळे बांधणीच्या यादीत नवा डबा, नवी चकती आणि तिन्ही नव्या नळ्या असायलाच हव्यात. बांधणीचं बिल कमी करायला हे भाग वगळणारा कारागीर मला पटत नाही.

जुनं इंजिन बांधणीआधी इतकं गळत नव्हतं, मग आताच का, हा प्रश्नही नेहमी येतो. जुन्या इंजिनात दाबाला निघून जायला दहा वाटा होत्या: झिजलेली पुढची सीलं, आक्रसलेलं टॅपेट कव्हरचं पॅकिंग, सैल डिपस्टिक. तुम्ही त्या सगळ्या बुजवल्या. शिवाय नव्या रिंगा बोअरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) बसेपर्यंत खाली येणारा वायू जास्तच असतो. वायू वाढला आणि वाटा कमी झाल्या. क्रँकचं मागचं सील सगळ्यात मोठ्या घेराचं, त्याच्या ओठाला सतत घासही सगळ्यात जास्त. तिथूनच तेल वाट काढतं.

दाब मोजा

सगळ्यात सोपी तपासणी झाकणाची. इंजिन गरम करून आयडलला ठेवा आणि टॅपेट कव्हरवरचं ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवून द्या. ते थरथरत उड्या मारत असेल आणि कडेनं धूर येत असेल तर दाब आहे. झाकण तोंडाला ओढून धरलं जात असेल आणि उचलल्यावर आयडल डळमळत असेल तर चिन्ह चांगलं. इंजेक्शनच्या गाड्यांत आत येणारी हवा मोजून पेट्रोल दिलं जातं, त्यामुळे झाकणातून बिनमोजलेली हवा शिरली की इंजिन लगेच तक्रार करतं. झाकण काढलं तरी इंजिनाला काहीच फरक पडत नसेल तर ओढ पोटापर्यंत पोचतच नाही.

झाकणाच्या तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून बसवला तर हेच डोळ्यांना दिसतं. मोजा आत ओढला गेला तर ठीक, फुगून उभा राहिला तर दाब आहे.

पण या दोन्ही तपासण्या आयडलच्या. इस्टेट गाडी मागे सामान भरून चढावर लावली जाते, ट्रेलर ओढते. तिथे थ्रॉटल मिनिटेच्या मिनिटे पूर्ण उघडं असतं. आयडलला निर्दोष वाटणारं इंजिन चढावर मागच्या सीलमधून तेल थुंकू शकतं. म्हणून पाण्याची नळी लावून मोजायला हवं.

एक जादा झाकण घ्या, त्याला भोक पाडून नळीचं निप्पल घट्ट बसवा. निप्पलला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी जोडा आणि तिचा लांब यू करून एका फळीवर बांधा. प्रत्येक बाजू हातभर उंच असू द्या. यू अर्धा भरेल इतकं रंगीत पाणी घाला. इंजिन आणि यू यांच्यामध्ये एक रिकामी बाटली जोडा, म्हणजे ओढ जास्त झाली तर पाणी इंजिनात न जाता बाटलीत पडेल. ही बाटली टाळू नका.

इंजिन सुरू केल्यावर इंजिनाच्या बाजूचं पाणी वर चढलं तर पोटात ओढ आहे, खाली ढकललं गेलं तर दाब आहे. आयडलला ते थोडं वर असायला हवं. अडीच-तीन हजार फेऱ्यांवर ते मूळ पातळीजवळ आलं तरी चालेल, पण खाली जाऊन तिथेच राहायला नको. मग गाडी रस्त्यावर न्या. नळी बॉनेटच्या मागच्या फटीतून बाहेर काढून फळी शेजारच्या माणसाच्या खिडकीपाशी धरायला द्या. चढ असलेला मोकळा रस्ता निवडा, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. पाणी त्यानं बघायचं, तुम्ही रस्ता.

आता निष्कर्ष. आयडललाच दाब असेल तर डब्याच्या तोंडावरची नळी काढून मोकळ्या हवेत सोडा आणि परत मोजा. दाब गेला तर अडथळा डब्याच्या पुढे आहे: चकती, नळ्या किंवा मॅनिफोल्डवरचं निप्पल. नळी मोकळी करूनही दाब राहिला तर डबाच बुजलाय किंवा रिंगांतून वायू खूप येतोय. आयडलला ओढ आणि चढावर दाब, असं असेल तर आधी जाड नळी बघा. जुनी रबरी नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतला थर सुटून चेपलेली असते. ती नवी टाकूनही चढावर पाणी खाली जात असेल तर रिंगांकडे वळायचं.

निप्पलबद्दल एक गोष्ट. त्याचं भोक बारीक असतं आणि ते ठरवून बारीक ठेवलेलं असतं. बुजलं असेल तर नळी काढून योग्य जाडीची तार किंवा ड्रिलचं पातं हातानं फिरवून साफ करा. मोटर लावून मोठं केलंत तर आयडलला जास्तीची हवा शिरेल आणि आयडल कधीच धड बसणार नाही. पात्याला ग्रीस लावून ठेवा, म्हणजे निघालेली काजळी त्याला चिकटेल, मॅनिफोल्डमध्ये पडणार नाही.

चकती काढूनच टाका, कटकट नको, असा सल्ला देणारे खूप भेटतात. चकतीशिवाय गाडी चालते, पण बॅकफायरपासूनचं संरक्षण जातं. दर दुसऱ्या ऑइल बदलीला चकती काढून धुवायची, भोकं भरली असतील तर बदलायची. नळी डब्यातून काढून गाडीखाली मोकळी सोडण्याचा जुगाड तर मुळीच करू नका. ओढ गेली की पाण्याची वाफ पोटातच राहते, टॅपेट कव्हरच्या आत पिवळट फेस धरतो आणि नव्या बेअरिंगांना ते तेल पुरत नाही.

डब्याची परतीची नळीही विसरू नका. ती खाली चेंबरमध्ये तेलात बुडून राहावी लागते. बांधणीच्या वेळी चेंबर लावताना ती वाकली, तिरकी झाली किंवा आपल्या जागेत गेली नाही, तर गाळलेलं तेल खाली जाण्याऐवजी वायूच्या झोतात परत वर खेचलं जातं. तेव्हा हवेच्या पाइपमध्ये, थ्रॉटलपाशी तेल साचलेलं दिसतं आणि लोक रिंगांना दोष देतात.

वाट मोकळी आहे, तरी दाब येतोय

मग वायूच जास्त येतोय. हेड खोलण्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन, दोन्ही करा.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते) गरम इंजिनावर, चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडं ठेवून, बॅटरी भरलेली असताना घ्यायचं. आकड्यापेक्षा चार सिलिंडरमधला फरक महत्त्वाचा. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यात १५ टक्क्यांपेक्षा जास्त अंतर असेल तर कमी असलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत घ्या. आकडा वर गेला तर रिंगा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग. चारही सिलिंडर सारखेच कमी असतील तर मात्र ही पद्धत फसवते. नव्या, न बसलेल्या रिंगांत बहुधा नेमकं हेच असतं. म्हणून लीक-डाउन करायचं.

त्यात पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून, क्रँक फिरू नये म्हणून धरून ठेवून, प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाची हवा भरतात आणि त्यातली किती टक्के गळते ते मोजतात. १० टक्क्यांच्या आत असेल तर इंजिन उत्तम. २० च्या पुढे गेलं तर कारण शोधायला हवं. इथे कान महत्त्वाचे. ऑइलच्या झाकणातून सुसाट आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आला तर इनटेक व्हॉल्व्ह आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग.

निळ्या धुराची वेळही सांगते. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना एक झोत आला आणि थांबला तर व्हॉल्व्ह स्टेमची सीलं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर सोडून येऊन परत दाबताना आला तर सीलं किंवा घासलेले गाइड. जोर लावताना सतत येत असेल तर रिंगा. इस्टेटचं मागचं तोंड चौकोनी, तिथे चालत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर परत काचेवर येतो. मागच्या काचेवर बोट फिरवल्यावर तेलकट काळपट थर लागत असेल तर इंजिन तेल जाळतंय, आरशात धूर दिसो वा न दिसो. मागचं दार किंवा त्याचं रबर नीट लागत नसेल तर हाच धूर आत शिरतो आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, म्हणून ते रबर आधी बदला.

रिंगा बसल्या नसतील तर

नवी रिंग बोअरवर नुसत्या स्वतःच्या स्प्रिंगच्या जोरावर बसत नाही. ज्वलनाचा वायू वरच्या रिंगेच्या मागे, खाचेत शिरतो आणि तिला बाहेरच्या बाजूला भिंतीवर दाबतो. थ्रॉटल जितकं उघडं तितका हा जोर जास्त. म्हणून नवं इंजिन जपायचं म्हणून तासन्‌तास आयडलला चालवलं, पुढे शेकडो किलोमीटर हळूहळू नेलं, तर रिंगा बसत नाहीत. होनिंगच्या (दगडानं बोअर घासून मुद्दाम पाडलेल्या) बारीक रेघांची टोकं तशीच राहतात, त्यांत तेल भाजून काचेसारखा थर धरतो, आणि मग रिंगेला घासायला काही उरतच नाही.

अजून थर धरला नसेल तर एक उपाय करून बघा. साधं मिनरल ऑइल भरा, सिंथेटिक नंतर. इंजिन पूर्ण गरम करा. मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये ताशी ५० वरून ८० पर्यंत जोरानं न्या, मग ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून इंजिनाच्या ब्रेकवर परत ५० ला येऊ द्या. असं दहा-बारा वेळा, मध्ये साधं चालवत. जोरात रिंगा भिंतीवर दाबल्या जातात, सोडल्यावर मॅनिफोल्डची ओढ खालून थोडं तेल वर आणते आणि घासून निघालेली भुकटी धुऊन जाते. इंजिन तापमानाच्या काट्यावर एक नजर असू द्या. अशा चालवण्यानंतर हजारेक किलोमीटरनी लीक-डाउन परत घ्या. आकडा उतरत असेल तर इंजिन खोलू नका, वेळ द्या. अजिबात हलला नसेल तर पिस्टन बाहेर काढावेच लागतील.

पिस्टन काढल्यावर आधी बोअर मोजा, नंतर होन हातात घ्या. वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी दोन दिशांना. बी२३० चा बोअर ९६ मिमी आणि स्ट्रोक ८० मिमी. वर आणि खाली यात ०.१ मिमीच्या आसपास फरक असेल तर नव्या रिंगांनी काही होणार नाही, बोअर करून ओव्हरसाइज पिस्टनच लागतील. बोअर सरळ असेल तर हलकं होनिंग पुरे. रेघा एकमेकींना ४५ ते ६० अंशांत छेदायला हव्यात. जवळजवळ आडव्या रेघा दिसल्या तर होन वरखाली हळू फिरवला गेलाय.

होनिंगनंतर बोअर पेट्रोलनं किंवा केरोसीननं पुसणं हा या कामातला सगळ्यात महाग पडणारा आळस. त्यानं तेल निघतं, रेघांत अडकलेली दगडाची आणि बिडाची भुकटी आत खोल बसते आणि पहिल्याच प्रवासात ती रिंगा आणि पिस्टन खाते. गरम पाणी, साबण आणि ताठ नायलॉनचा ब्रश. घासत राहायचं, धुवायचं, मग पांढऱ्या फडक्यावर थोडं पातळ ऑइल घेऊन बोअर पुसायचा. फडकं करडं झालं की परत साबण. फडकं पांढरं निघालं की काम झालं, आणि लगेच ऑइलचा हात फिरवायचा, नाहीतर बिडावर डोळ्यांदेखत तांबूस गंज चढतो.

रिंगा लावताना प्रत्येक रिंग एकेक करून बोअरमध्ये पिस्टनच्या डोक्यानं सरळ ढकलायची आणि फीलर गेजनं तिच्या टोकांमधली फट मोजायची. ढोबळ हिशोब असा की बोअरच्या प्रत्येक इंचामागे चार हजारांश इंच, म्हणजे ९६ मिमीला ०.३८ मिमीच्या जवळपास. रिंगांच्या पाकिटावर आकडा दिला असेल तर तोच पाळा. खूण असलेली बाजू वर ठेवायची. ऑइल रिंगच्या जाळीदार स्प्रिंगची दोन टोकं एकमेकांना भिडायला हवीत, एकावर एक चढलेली नकोत. चढली तर ती रिंग तेल खरवडत नाही आणि इंजिन पहिल्या दिवसापासून तेल पितं. ही गोष्ट वरून दिसत नाही आणि कॉम्प्रेशनमध्येही पकडली जात नाही.

चेंबर उघडं आहेच, तर ऑइल पंपापासून ब्लॉकमध्ये जाणाऱ्या छोट्या पाइपच्या दोन्ही टोकांची रबरी सीलं बदला. ती जुनी राहिली किंवा नीट बसली नाहीत तर नव्या बेअरिंगांनाही गरम झाल्यावर दाब पुरत नाही आणि लोक क्रँकवर संशय घेतात.

सील बसवताना

दाब सुटला, आता सील बदलायचं. ते ॲल्युमिनियमच्या वेगळ्या चौकटीत बसतं आणि चौकट ब्लॉकला बोल्टनी लागते. चौकटीची खालची कड ब्लॉकच्या चेंबर लागणाऱ्या पृष्ठाशी अगदी सपाट जुळली पाहिजे. बोल्ट आवळण्याआधी स्टीलची पट्टी आडवी धरून बघा. केसभर वरखाली राहिलं तर चेंबरचं पॅकिंग त्या कोपऱ्यात दाबलं जात नाही आणि तेल पुन्हा तिथेच ठिबकतं.

क्रँकवर सीलच्या ओठानं पाडलेल्या खाचेत नख फिरवा. नख अडकलं तर नवं सील त्याच खोलीवर बसवण्यात अर्थ नाही. चौकटीत ते थोडं आत किंवा बाहेर बसवून ओठ कोऱ्या पृष्ठावर आणता येतो. खाच रुंद असेल तर पातळ स्लीव्ह चढवावी लागते. रबरी ओठाच्या सीलला ऑइल लावून बसवायचं. पांढरट, टेफ्लॉनच्या ओठाचं सील आलं असेल तर ते कोरडंच बसवायचं आणि त्यासोबतच्या प्लॅस्टिकच्या कड्यावरूनच सरकवायचं, बोटानं ओठ उलटवून नाही.

बेलहाउसिंग आतून ब्रेक क्लीनरनं धुवून काढा. मॅन्युअल गाडी असेल तर क्लचची प्लेट तेलानं भिजलीय का तेही आत्ताच बघा. ही धुलाई टाळली तर आत जमलेलं जुनं तेल पुढचे आठ-दहा दिवस ठिबकत राहतं आणि कोणीतरी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायला निघतं.